सूर्य भडकला की कॉस्मिक किरणं घटतात काऊन? नागपूरच्या गच्चीवरच्या काउंटरची गोष्ट

प्रश्न आधी थोडक्यात लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. एमएस्सी फिजिक्सची एक नागपूरची मुलगी, तिने प्रोजेक्टसाठी प्लास्टिक सिंटिलेटरच्या (कण गेला की चमकणारं प्लास्टिक) दोन पट्ट्या एकावर एक ठेवून म्युऑन काउंटर बनवला (म्युऑन म्हणजे कॉस्मिक किरणं वरच्या हवेवर आपटून तयार होणारे कण, ते जमिनीपर्यंत पोचतात), घराच्या गच्चीवरच्या टिनाच्या खोलीत २०२४ च्या मार्चपासून चालवला, आणि ११ मेला, म्हणजे ते मोठं सौर वादळ आलं तेव्हा, तिचा काउंट दोन टक्के पडला. तिने लिहिलं हा फोरबुश डिक्रीज, म्हणजे सौर वादळात कॉस्मिक किरणं थोडा काळ घटणं. गाईड म्हणतात असं कसं, सूर्य भडकला तर कण जास्त यायला पाहिजेत, काउंट वाढायला पाहिजे, तुझं काहीतरी चुकलं. तिचा प्रश्न, आमच्यापैकी बरोबर कोण?

मी तीसेक वर्षं हेच काम केलं, आधी म्युऑनवर आणि मग न्यूट्रॉन मॉनिटरवर (तशाच आपटण्यातून निघणारे न्यूट्रॉन मोजणारं यंत्र), आता रिटायर होऊन प्रतापनगरला राहतो, तर सांगतो. बेटा, फिजिक्स तुझं बरोबर आहे. पण ग्राफ मला पटलेला नाही. दोन्ही गोष्टी नीट सांगाव्या लागतील, उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बस.

पहिला घोळ शब्दाचा आहे. कॉस्मिक किरणं म्हटलं की लोकांना वाटतं सूर्याकडूनच येतात. नाही येत. आपल्यावर रोज जे पडतात ते बहुतेक सगळे आकाशगंगेतून येतात, जुन्या ताऱ्यांच्या स्फोटांतून वेग पकडलेले प्रोटॉन, हेलियमचे गाभे वगैरे. व्हिक्टर हेस १९१२ मध्ये बलूनमधून पाच हजार मीटरच्या वर गेला आणि त्याला दिसलं की वर जावं तसं आयनीभवन वाढतंय, त्यातली एक फेरी तर सूर्यग्रहणाच्या वेळची होती आणि ग्रहणातही ते कमी झालं नाही, म्हणजे हे सूर्याचं नाही हे तेव्हाच कळलं होतं. सूर्य स्वतःही कधीकधी कण फेकतो, पण ते वेगळं खातं, त्याकडे पुढे येतो.

मग सूर्याचा संबंध काय? सूर्य हा इथे दरवानासारखा आहे. त्याच्यापासून सतत वारा वाहतो, सौर वारा, सेकंदाला साधारण ४०० किलोमीटर, कधी ७००-८०० पण, आणि तो आपल्याबरोबर सूर्याचं चुंबकीय क्षेत्र ओढत नेतो. सूर्य स्वतःभोवती फिरत असल्याने त्या क्षेत्राच्या रेषा जिलेबीसारख्या वळतात, शिवाय त्यात गाठी असतात, गुंतवळ असते. बाहेरून येणाऱ्या कणाला या सगळ्यातून उलटं आत यायचं आहे. तू मारबतीच्या दिवशी इतवारीत गेलीयेस ना? काळी-पिवळी मारबत निघालेली, अख्खी गर्दी एका दिशेने रेटत चाललेली आणि तुला नेमकं समोरच्या गल्लीत जायचंय. दोन पावलं पुढे, चार मागे, कोणाच्या तरी खांद्याला आपटून बाजूला. कमी ऊर्जेचा कण असाच धक्के खात बाहेर ढकलला जातो, आणि या धक्क्यांत थोडी ऊर्जाही गमावतो कारण वारा पसरत चाललेला असतो. जास्त ऊर्जेचा कण म्हणजे त्या गर्दीत घुसलेला बैल, त्याला फारसा फरक पडत नाही. सूर्य सक्रिय झाला की गर्दी दाट होते, धक्के वाढतात, आत पोचणारे कमी होतात. युजीन पार्करने सौर वारा १९५८ मध्ये मांडला आणि कणांच्या या प्रवासाचं समीकरण १९६५ मध्ये, आजही आम्ही सगळे तेच वापरतो.

सूर्यावरचे डाग वाढले की कॉस्मिक किरणं घटतात, डाग कमी झाले की वाढतात, हे स्कॉट फोरबुशने १९५४ मध्ये बऱ्याच वर्षांच्या नोंदी समोर ठेवून दाखवलं. अकरा वर्षांचं चक्र, फक्त उलटं. आणि लगेच नाही होत, काही महिने ते वर्षभर उशिराने होतं, कारण वाऱ्याचा हा फुगा फार मोठा आहे. व्हॉयेजर-१ हे यान त्याच्या कडेबाहेर २५ ऑगस्ट २०१२ ला गेलं तेव्हा ते सूर्यापासून पृथ्वीच्या १२१ पट अंतरावर होतं, आणि ४०० किलोमीटर सेकंदाने तिथवर जायला वाऱ्यालाच जवळजवळ दीड वर्ष लागतं, मग आतली बातमी बाहेर पोचायला वेळ लागणारच ना. ती कड ओलांडताना काय झालं तर सूर्याकडचे कमी ऊर्जेचे कण एकदम गायब आणि आकाशगंगेतले कण एकदम वाढले. दाराबाहेर किती गर्दी उभी आहे ते पहिल्यांदा प्रत्यक्ष मोजलं गेलं ते तेव्हा.

यात अजून एक मजा आहे जी पुस्तकात एका ओळीत उरकतात. दर अकरा वर्षांनी सूर्याचे चुंबकीय ध्रुव उलटतात, म्हणून खरं चक्र बावीस वर्षांचं. एका अकरात प्रोटॉन सूर्याच्या ध्रुवांच्या बाजूने आत येतात, पुढच्या अकरात विषुववृत्ताजवळच्या नागमोडी पडद्यावरून, म्हणजे चुंबकीय क्षेत्राची दिशा जिथे उलटते त्या सीमेवरून, सरकत येतात. त्यामुळे १९६५, १९८७, २००९ च्या वेळी आलेखाला टोकदार शेंडा दिसतो आणि मधल्या वेळांना, सत्तरच्या आणि नव्वदच्या दशकात, पसरट पठार. पहिल्यांदा मी हे दोन आकार एकाखाली एक काढले तेव्हा बराच वेळ नुसता बघत बसलो होतो. २००९ चा शेंडा तर अंतराळ युगातला तोवरचा सगळ्यात उंच होता, सूर्य इतका झोपला होता.

आता फोरबुश डिक्रीज. हे अकरा वर्षांचं नाही, तासांचं प्रकरण. सूर्यावरून प्लाझ्माचा मोठा ढग सुटतो, सीएमई म्हणतात, तो पृथ्वीवरून जाताना पुढचा धक्का आणि मागचा चुंबकीय गोळा मिळून थोडा वेळ छत्रीसारखं काम करतात, आणि काउंट काही तासांत पडतो, मग आठवडाभर हळूहळू वर येतो. पडणं झटक्यात, चढणं आळसात, हा आकार लक्षात ठेव, त्याचं काम पुढे आहे. फोरबुशने हे १९३७ मध्ये पाहिलं. मे २०२४ मध्ये १० तारखेला रात्री साडेदहाच्या सुमारास, आपल्या घड्याळाने, तो धक्का पृथ्वीवर आदळला, लडाखच्या हानलेमधून आकाश लाल दिसलं ते त्याच रात्री, आणि ध्रुवांजवळच्या न्यूट्रॉन मॉनिटरमध्ये काउंट दहा टक्क्यांच्या वर पडला. तेव्हा वादळात काउंट पडतो हे तुझं म्हणणं शंभर टक्के बरोबर.

तुझे गाईडही अगदीच हवेत बोलत नाहीयेत हां. ११ मेच्या सकाळी पावणेसात-सातच्या सुमारास वादळ आणणाऱ्या त्याच डागसमूहातून एक्स ५.८ चा फ्लेअर, म्हणजे सगळ्यात मोठ्या श्रेणीतला भडका, झाला, आणि त्यानंतर ध्रुवाकडच्या स्टेशनांवर पडलेल्या काउंटवरच एक छोटा उंचवटा आला, ते सूर्याने स्वतः फेकलेले कण. याला ग्राउंड लेव्हल एन्हान्समेंट म्हणतात, १९४२ पासून त्यांची मोजदाद चालू आहे, हा ७४ वा. म्हणजे एकाच वेळी आकाशगंगेचे कमी आणि सूर्याचे जास्त. पण सूर्याच्या कणांची ऊर्जा बहुतेक वेळा काही जीईव्हीपर्यंतच (कणांच्या ऊर्जेचं माप), आणि आपण बसलोय नागपूरला. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र विषुववृत्ताजवळ कणांना आडवं येतं, इथे सरळ वरून यायचं तर पंधरा-सोळा जीव्हीच्या वरचीच रिजिडिटी (चुंबकीय क्षेत्रात न वळता पुढे जायची कणाची ताकद, ती जीव्हीत मोजतात) पाहिजे, ध्रुवांवर एक जीव्हीच्या खालचेही आत येतात. जगातल्या कायमच्या न्यूट्रॉन मॉनिटरपैकी सगळ्यात कडक दार थायलंडच्या दोई इंथानोनवरचं आहे, १६.८ जीव्ही, आपण साधारण त्याच लायनीत. तर सूर्याचे ते कण नागपुरातल्या बर्डीवरून दिसायचा प्रश्नच नाही. फेब्रुवारी १९५६ सारखी घटना असेल तर गोष्ट वेगळी, ती विषुववृत्ताजवळही जाणवली होती, पण तसं रोज होत नाही.

याच कारणाने आपल्याकडे सगळंच फिकं दिसतं. अकरा वर्षांच्या चक्रात ध्रुवावरचा न्यूट्रॉन मॉनिटर पंधरा-वीस टक्के हलतो, इथे जमिनीवरचा म्युऑन काउंटर जेमतेम एक-दोन टक्के. गर्दीतला बैल आठवतो ना, आपल्या दारातून फक्त बैलच आत येतात.

आता तुझा ग्राफ. मिनिटाला ३०० च्या आसपास काउंट आहेत. तासाचे १८ हजार, त्याचं वर्गमूळ १३४, म्हणजे ०.७५ टक्के तर नुसती सांख्यिकीची थरथर आहे. तासाच्या आकड्यात एक टक्क्याचा खड्डा शोधणं म्हणजे हलत्या बसमध्ये सुईत दोरा ओवणं. दिवसाचे ४ लाख ३२ हजार, थरथर ०.१५ टक्के, तिथे दोन टक्के स्पष्ट दिसायला पाहिजे आणि दिसतोही. इथपर्यंत ठीक. पण मार्चपासून मेपर्यंत तुझी लाइन हळूहळू चार टक्के खाली गेलीये, रोज दुपारी एक ते चार दरम्यान खाली बसते आणि पहाटे वर येते, आणि एप्रिलमध्ये तसेच दोन खड्डे अजून आहेत जे तू नॉइज म्हणून सोडून दिलेस आणि मेचा तेवढा उचललास. हे असं नाही चालत.

दुपारचं खाली बसणं सूर्याचं नाही, तुझ्या टिनाच्या खोलीचं आहे. सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर (ती चमक पकडणारी चिप) वापरलायस, तो तापला की त्याचं ब्रेकडाउन व्होल्टेज (ज्याच्या वर तो काम करतो ते) वाढतं, तू बायस, म्हणजे त्याला दिलेलं व्होल्टेज, तसाच ठेवलास तर गेन, म्हणजे सिग्नल किती मोठा होतो ते, कमी होतो, पल्स बुटके होतात आणि थ्रेशोल्डच्या, म्हणजे मोजायच्या किमान उंचीच्या, खाली जाऊन मोजलेच जात नाहीत. नागपूरच्या मे महिन्यात बाहेर ४५ तर टिनाखाली किती असेल ते तूच सांग, आणि पहाटे त्याच खोलीत तीस. हवेच्या दाबानेही उलटं व्हायला पाहिजे होतं. दाब दिवसातून दोनदा वरखाली होतो, सकाळी दहाच्या सुमारास जास्त, दुपारी चारला कमी, फरक तीन-चार हेक्टोपास्कल, आणि दाब कमी झाला की डोक्यावर हवा कमी म्हणून म्युऑन वाढतात, दर हेक्टोपास्कलला ०.१ ते ०.२ टक्के. म्हणजे चार वाजता काउंट थोडा वर जायला पाहिजे, तुझा तळाला आहे. इथेच डिटेक्टर पकडला गेला. मार्च ते मेचंही तसंच, उन्हाळ्याकडे जाताना इथला दाब पडत जातो, त्या हिशोबाने काउंट वाढायला हवा. दुसरीकडे उन्हाळ्यात वातावरण फुगतं, म्युऑन अजून वर तयार होतात आणि खाली यायच्या आत जास्त विघटतात, त्याने काउंट कमी होतो, पण हा परिणाम थंड देशांत मोठा, आपल्याकडे वरच्या हवेचं तापमान वर्षभरात फार बदलत नाही. चार टक्के त्याच्या माथी नाही मारता येत.

हसू नको, मीही हेच केलंय. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, उन्हाळ्यातच, माझा काउंटर रोज संध्याकाळी एकदम तीन टक्के पडायचा आणि सकाळी परत चढायचा. मी दिवसरात्रीच्या बदलावर दहा पानं लिहून काढली, ग्रहांमधल्या चुंबकीय क्षेत्राची दिशा वगैरे सगळं घातलं. सीनियरने पानं वाचली, आणि विचारलं, "का रे, तुझा सूर्य रोज सहाला सही करून ऑफिस सोडतो का?" सहाला शिपाई खोलीतला कूलर बंद करायचा. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी ओली हवा हाय व्होल्टेजच्या कनेक्टरवर बसायची, लीकेज व्हायचं आणि दिवसभर खोटे काउंट वाढायचे, संध्याकाळी कनेक्टर सुकला की खरे तेवढे उरायचे. पडतंय ते खरं होतं, चढलेलं खोटं होतं. ती दहा पानं अजून माझ्याकडे आहेत.

ढगांचंही लक्षात ठेव. उटीला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा (टीआयएफआर) ग्रेप्स-३ आहे, ५६० चौरस मीटरचा म्युऑन टेलिस्कोप, त्यांनी डिसेंबर २०१४ मधल्या एका गडगडाटी ढगातून येणाऱ्या म्युऑनवरून त्या ढगाचं व्होल्टेज काढलं तर १.३ अब्ज व्होल्ट निघालं. म्हणजे वळवाचा एक ढग डोक्यावर आला तरी म्युऑन हलतात. त्याच टेलिस्कोपने २२ जून २०१५ ला वादळाच्या वेळी दोन तास म्युऑन वाढलेले पाहिले, कारण चुंबकीय वादळात पृथ्वीचं ते दार थोडं सैल होतं आणि एरवी न येणारे कण आत येतात. आपल्यासारख्या ठिकाणी हे फार महत्त्वाचं, एकीकडे सीएमईची छत्री काउंट पाडते, दुसरीकडे सैल झालेलं दार वाढवते, आणि तुला दिसतो तो दोघांचा हिशोब. तेव्हा खड्डा दोन टक्क्यांचा आला म्हणजे सूर्याने दोन टक्केच पाडले असं नाही लिहायचं.

करायचं काय मग. डिटेक्टरशेजारी बीएमपी-२८० चा सेन्सर लाव, दोन-तीनशे रुपयांचा येतो, दाब आणि तापमान दोन्ही देतो. डब्यात सिलिकॉन चिपला चिकटवून अजून एक तापमान सेन्सर. थंड पहाटे टेबल लॅम्प लावून डबा मुद्दाम दहा डिग्री तापव आणि काउंट किती पडतो ते बघ, सूर्य तेव्हा क्षितिजाखाली असतो, त्याच्यावर ढकलता येणार नाही. तो आकडा घेऊन २०२४ चा डेटा दुरुस्त करता येईल का बघ, तेव्हाचं खोलीचं तापमान नसेल तर बाहेरचं वापर, सोनेगावच्या वेधशाळेचं रोजचं मिळतं, अगदी बरोबर नाही येणार पण दुपारचा खड्डा बराचसा भरून निघेल. मग ओलूच्या न्यूट्रॉन मॉनिटरचा डेटा काढ, फिनलंडचा, १९६४ पासूनचा फुकट मिळतो, आणि तुझ्या लाइनवर ठेव. तुझा खड्डा १० मेच्या रात्रीच सुरू होतोय का, झटक्यात पडून हळू चढतोय का, की १२ च्या दुपारी आपोआप संपतोय, त्यावरून ठरेल. आणि एप्रिलचे ते दोन खड्डे दुरुस्तीनंतर गेले आणि मेचा राहिला तर तुझं जिंकलं, गाईडच्या टेबलावर ठेव. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आलेखही जोड, भूचुंबकत्व संस्थेचं एक केंद्र नागपुरातच आहे आणि अलिबागचं तर १९०४ पासून चालू आहे. या बाबतीत आपला महाराष्ट्र जुना खेळाडू, १८५९ च्या कॅरिंग्टन वादळाची, म्हणजे तेव्हाच्या त्या प्रचंड सौर वादळाची, नोंद मुंबईच्या कुलाब्याला झाली होती, आजही लोक ती वापरतात.

हे सगळं आपल्याकडे नवीन नाही हेही प्रोजेक्टच्या प्रस्तावनेत टाक, विक्रम साराभाईंची केंब्रिजची पीएचडी उष्ण कटिबंधातल्या कॉस्मिक किरणांवरच होती, १९४७ ची, आणि त्याच वर्षी त्यांनी अहमदाबादला पीआरएल (फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी) सुरू केलं तेही याच विषयापासून. रॉकेट नंतर आलं.

दोन किरकोळ प्रश्न तू शेवटी विचारलेस. एक, सूर्य २०२४ मध्ये शिखरावर होता म्हणून नागपूर इतकं तापलं का. नाही, अकरा वर्षांच्या चक्रात सूर्याचा प्रकाश फक्त ०.१ टक्के बदलतो. दुसरं, तो व्हॉट्सॅपवरचा फॉरवर्ड, रात्री साडेबारा ते साडेतीन कॉस्मिक किरणं जाणार, मोबाईल बंद करून लांब ठेवा. तो मी दहा-बारा वर्षं बघतोय, दरवेळी नासाचं नाव असतं. तुझ्या तळहातातून आत्ताही सेकंदाला साधारण एक म्युऑन चाललाय, मोबाईल चालू असो नाहीतर बंद. चिपमधला एखादा बिट उलटतो कधीकधी हे खरं, विमानांच्या उंचीवर तर त्याची काळजी घ्यावीच लागते, पण त्यावर उपाय मेमरी आणि सॉफ्टवेअरमध्ये असतो, उशीखालून फोन काढण्यात नाही.

शिखर होऊन गेलंय, आता पुढची काही वर्षं सूर्य शांत होत जाईल आणि काउंट हळूहळू चढत जाईल, म्हणून प्रोजेक्ट जमा झाला तरी काउंटर मोडू नको, टिनाच्या खोलीतून खालच्या मजल्यावर आण, वर स्लॅब आला तरी चालतो, म्युऑन त्यातून आरामात येतात. आणि ११ मेचा डेटा मिनिटाचा असेल तर तोच पाठव, सरासरी काढलेला नको. सोबत एवढं सांग की त्या खोलीत कूलर होता का.